सुभेदारांनी इंग्रजी कशी शिकवली?

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पाचवी ते आठवीची पंचवीस-तीस पोरंपोरी. बसायला सतरंजी, एक फळा, एक ट्यूबलाईट. शिकवणारे आम्हीच, कामावरून थकून आलेले. गेल्या जूनमध्ये इंग्रजी कशी शिकवायची यावरून आमच्यात जोरदार वाजलं. आमच्यातला एकजण शहरातून इंग्रजी बोलण्याचा क्लास करून आला होता. त्याने फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकलं, 'इथे मराठी बोलू नये. बोलल्यास एक रुपया दंड.' दुसरा भडकला. म्हणाला, बाबासाहेबांच्या फोटोखाली पोरांच्या तोंडाला कुलूप लावतोस? पहिला म्हणाला, तुमच्या या मराठीच्या लाडानंच आपली पोरं मुलाखतीत गपगार बसतात. दोघांचंही खरं होतं. म्हणून भांडण मिटेना.

चार दिवसांनी सहावीतली एक मुलगी यायची थांबली. मी घरी गेलो. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "दादा, घरी ती दिवसभर कलकल करती. तिथं मुकं बसावं लागतंय म्हनती. मग कशाला पाठवू?"

'मुकं' हा शब्द डोक्यात रुतून बसला. ज्या माणसाने १९२० साली आपल्या पहिल्या पत्राचं नाव 'मूकनायक' ठेवलं, त्याच्याच फोटोखाली आम्ही एक बोलकी पोर मुकी केली होती. इंग्रजी शिकवायच्या नावाखाली.

तेव्हापासून मी हा प्रश्न उकरत बसलो. नवशिक्याला इंग्रजी शिकवताना त्याची स्वतःची भाषा वापरायची की नाही? हा प्रश्न कुठल्या क्लासवाल्याने काल काढलेला नाही. या मातीत तो दोनशे वर्षं जुना आहे. आणि त्याचं एक उत्तर आपल्याच घरात, एका सुभेदाराच्या हातात होतं. आपण ते विसरलो. ते कसं, हे सांगण्यासाठी जरा मागं जावं लागेल.

*

पेशवाई १८१८ साली बुडाली. मुंबई इलाख्याचा कारभार एल्फिन्स्टनकडे आला. शाळा काढायच्या तर कोणासाठी, यावर त्याने १८२३-२४ च्या सुमारास एक टिपण लिहिलं. त्यात त्याने कबूल केलं आहे की मिशनऱ्यांना सगळ्यात हुशार विद्यार्थी खालच्या जातींत मिळतात. पण लगेच पुढे बजावलं आहे की त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावं. कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते वर कधी पसरायचंच नाही. म्हणजे साहेबाला आपली हुशारी दिसली होती. दिसूनही त्याने दार लोटून घेतलं. बाबासाहेबांनी हेच टिपण १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात काढून दाखवलं.

आता त्या काळातले वरचे लोक इंग्रजी शिकले कसे ते बघा. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. पानावर दोन स्तंभ. एकात इंग्रजी, शेजारी मराठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. नियम मराठीत, शब्दांची यादी दोन्ही भाषांत, मग मराठी वाक्यं इंग्रजीत करा आणि इंग्रजी वाक्यं मराठीत करा. पिढ्यान्‌पिढ्या कारकून, मास्तर, वकील या पाठमालेवर तयार झाले. थोडक्यात, ज्यांनी आधी इंग्रजी मिळवली त्यांनी ती आपल्या भाषेच्या खांद्यावर बसूनच मिळवली. त्यांना कोणी मुकं बसवलं नव्हतं.

१८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉलेचं टिपण झालं, मार्चमध्ये बेंटिंकने त्यावर शिक्का मारला. मुंबईत भांडण पेटलं ते १८४० च्या दशकात. बोर्ड ऑफ एज्युकेशनचा अध्यक्ष अर्स्किन पेरी. तो म्हणे, पैसा थोडा आहे, तो इंग्रजी शिक्षणावर घाला, वरच्या वर्गाला शिकवा. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट म्हणाले, लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवल्याशिवाय शिक्षण पसरणार नाही. हे भांडण इतिहासाच्या पुस्तकात 'इंग्रजी विरुद्ध देशी भाषा' म्हणून छापतात. पण महारवाड्यातून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. पेरीच्या इंग्रजी शाळेतही आपण नव्हतो आणि सरकारी मराठी शाळेच्या ओट्यावरही आपल्याला जागा नव्हती. वरून झिरपत झिरपत ज्ञान खाली येईल म्हणत होते. ज्या समाजात पाण्याचा एक थेंब वरून खाली देताना हात चार वीत उंच धरतात, तिथे ज्ञान झिरपणार होतं!

खरी परीक्षा झाली १८५६ च्या जूनमध्ये. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला, फी भरायला तयार आहे म्हणून सांगितलं. सरकारचं उत्तर काय? न्याय तुझ्या बाजूला आहे, पण एकासाठी शाळा बाकीच्यांच्या उपयोगाची राहणार नाही. हे कधी? १८५४ च्या वुडच्या खलित्याला दोन वर्षं झाल्यावर, ज्यात आम जनतेचं शिक्षण देशी भाषेत आणि इंग्रजी जिथे मागणी असेल तिथे, असं ठरलं होतं. भाषेचा प्रश्न कागदावर सुटला होता. जातीचा प्रश्न शाळेच्या दारात उभा होता.

त्याचा हिशेब आकड्यांत आहे. बाबासाहेबांच्या त्याच १९२८ च्या निवेदनात १८८१-८२ चे आकडे दिले आहेत. साऱ्या मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांत खालच्या जातींची मुलं २,८६२. त्याच्या वरच्या मिडल स्कूलमध्ये १७. हायस्कूलमध्ये एकही नाही. कॉलेजात एकही नाही. सतरा! आमच्या विहारातल्या सतरंजीवर आज त्याहून जास्त बसतात. त्या काळी मराठी शाळा संपली की वाट फुटायची. मराठीतच राहिला तर फार तर गावचा मास्तर. इंग्रजीत गेला तर कचेरी, कोर्ट, कॉलेज. तेव्हा 'मराठी की इंग्रजी' हा नुसता भाषेचा प्रश्न नव्हता. कोणाला कुठपर्यंत जाऊ द्यायचं, त्याचा तो फाटा होता.

*

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्यांनी इंग्रजीचा लाडही केला नाही आणि रागही केला नाही. वापर केला. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं ते इंग्रजीत. पण मागणी काय केली? शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, शेतीचं ज्ञान, आरोग्य, इतिहास-भूगोल. आणि मास्तर त्यांच्यातलेच हवेत, म्हणजे मुलांत मिसळायला त्यांना विटाळ होणार नाही. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या भाषेत भांडले, आणि मागितलं ते आपल्या लोकांच्या भाषेतलं शिक्षण. यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते, कारण आपल्याला दोन्हींपैकी एकच निवडायला शिकवलं आहे.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितलं, इंग्रजीला माऊली म्हटलं. सांगितलं मात्र मराठी कवितेत. ज्यांना सांगायचं त्यांना कळायला नको? पुढच्याच वर्षी, १८५५ ला, त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळेत जाऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तरी तिने धर्मालाच सवाल केला. तो ती करू शकली, कारण तिला तिच्या भाषेत विचार करायला आधी मोकळं केलं होतं. माझं म्हणणं सगळं या एका मुलीवर उभं आहे. आधी मूल बोलतं झालं पाहिजे. मग ते कुठल्याही भाषेत बोलेल.

*

आता सुभेदार.

इंग्रजांच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिक्षण होतं. आपल्या समाजात पहिल्यांदा अक्षर शिरलं ते बऱ्याच अंशी या छावण्यांतून. रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते, सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची पलटणीतली भरती बंद केली. म्हणजे तो एक दरवाजाही लागला. रामजींच्या घरात मात्र शाळा चालू राहिली.

७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत भिवाचं नाव घातलं. रजिस्टरला नंबर १९१४. वर्गात तो बाजूला बसायचा, तहान लागली तर शिपायाची वाट बघायचा, हे आपण सगळे जाणतो. त्या वर्गातली इंग्रजी त्याच्यापर्यंत किती पोचली असेल? भाषा ही उत्तर देऊन, चुकून, पुन्हा बोलून येते. ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याला ती वर्गात यायची कशी?

ती घरी आली. बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात, वडिलांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं पक्की करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तीन पुस्तकं घोटून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कुठला, तो कुठे बसतो, हे सुभेदार समोर बसवून शिकवत. पुढे परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकाला पैसे नसले तर मुलीकडे जाऊन दागिना मागून गहाण टाकत.

दोस्तहो, हे नीट लक्षात घ्या. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी ज्याच्या इंग्रजीपुढे मान तुकवली, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ज्याने लिहिलं, संविधानाच्या मसुद्यातल्या स्वल्पविरामापर्यंत ज्याने वाद घातला, त्याच्या इंग्रजीचा पाया मराठीतून घातला गेला. कॉन्व्हेंटमध्ये नव्हे. दंड भरून नव्हे. मराठी वाक्य घे, त्याची इंग्रजी कर. इंग्रजी वाक्य घे, त्याची मराठी कर. बापाने लेकाला.

आणि त्या इंग्रजीने त्यांची मराठी मारली नाही. इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' मराठीत काढलं. त्यांची मराठी वाचून बघा, अजूनही पोळते.

*

मग ही 'मराठी बोलू नये'ची पाटी आली कुठून?

ती आली युरोप-अमेरिकेतून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे भाषांतर-व्याकरणाच्या घोकंपट्टीविरुद्ध बंड झालं. ते बंड योग्यच होतं. पोरं मेलेल्या भाषेसारखी जिवंत भाषा शिकत होती, नियम पाठ आणि बोलता येत नाही. १८७८ साली बर्लिट्झने अमेरिकेत आपली भाषाशाळा काढली. तिथे शिकणाऱ्याची भाषा वर्गात आणायचीच नाही. वस्तू दाखवा, कृती करा, बोला. पण तिथे शिकायला येणारे कोण? पैसे मोजणारे, आधीच लिहितेवाचते प्रौढ. वर्ग छोटा. शिकवणाऱ्याची ती जन्माची भाषा. हीच तऱ्हा 'डायरेक्ट मेथड' म्हणून इकडे आली. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेननेही हिंदुस्थानी शाळांत 'डायरेक्ट' इंग्रजी कशी शिकवावी यावर पुस्तक लिहिलं. हा तोच रेन, ज्याच्या नावाचं व्याकरण आजही क्लासवाल्यांच्या टेबलावर असतं.

सगळे साहेब एका सुरात बोलत नव्हते. मायकेल वेस्ट ढाक्याला होता. त्याने बंगाली मुलांना जवळून बघून १९२६ साली दुभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, हे पोरगं मध्येच शाळा सोडणार आहे, त्याला आधी वाचता येऊ द्या, ते त्याला पुरेल. हॅरोल्ड पामरनेही १९१७ सालीच सांगितलं होतं की भाषांतरावर सरसकट बंदी घालण्यात शहाणपण नाही. पण अशा माणसांचं ऐकलं कोणी नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरेला राष्ट्रकुल देशांची परिषद झाली. नुकत्याच स्वतंत्र होणाऱ्या देशांत इंग्रजी कशी शिकवायची हे तिथे ठरलं. त्यामागे कुठल्या समजुती होत्या ते रॉबर्ट फिलिप्सनने १९९२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. जन्माने इंग्रज तो उत्तम शिक्षक. जितकी लवकर, जितकी जास्त तितकी चांगली. दुसरी भाषा वापरली तर दर्जा घसरेल. त्याने याला सरळ भ्रम म्हटलं. हे भ्रम पुस्तकं विकणाऱ्यांच्या आणि तज्ज्ञ पाठवणाऱ्यांच्या सोयीचे होते. एकच पुस्तक ढाक्यालाही चालतं आणि नैरोबीलाही. पोरांची भाषा मध्ये आली की धंद्याची पंचाईत.

माझ्या वाट्याला त्याचीच उतरंड आली. 'स्ट्रक्चरल' म्हणायचे तिला. आमचे इंग्रजीचे गुरुजी भले माणूस. ट्रेनिंगला त्यांना सांगितलेलं, कृती करा, मराठी बोलू नका. ते पुस्तक हातात धरून चालायचे आणि म्हणायचे, "आय ॲम गोइंग टु द डोअर." आमचा वर्ग म्हणजे पत्र्याची शेड, तिला दारच नव्हतं. ते मोकळ्या जागेकडे चालत जायचे आणि आम्ही सगळे कोरसात ओरडायचो, "यू आर गोइंग टु द डोअर!" 'डोअर' म्हणजे बाहेर जाणं असं मी वर्षभर समजत होतो. एका शब्दाचं काम होतं, 'दार'. तो शब्द उच्चारायला बंदी होती.

*

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास तर आणखी बोलका आहे. मुंबई राज्यात १९४८ च्या सुमारास इंग्रजी पाचवी-सहावी-सातवीतून काढली, आठवीपासून ठेवली. मातृभाषेचा अभिमान म्हणून. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालूच होत्या. जानेवारी १९५४ मध्ये सरकारने हुकूम काढला की तिथे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना प्रवेश देऊ नये. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तो रद्द ठरवला. परिणाम काय झाला? ज्याच्याकडे फी होती त्याच्या पोराला इंग्रजी बालवर्गापासून. ज्याच्याकडे नव्हती त्याच्या पोराला आठवीपासून. आपल्या पोरांपैकी आठवीपर्यंत टिकत होती किती? 'माय मराठी' म्हणून भाषणं देणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेच्या बसमध्ये बसतात, हे रोज सकाळी नाक्यावर उभं राहून बघावं. म्हणून मराठीच्या नावाने आपल्याला इंग्रजीपासून लांब ठेवणाऱ्यांचंही आपण ऐकू नये.

पुढे इंग्रजी पाचवीवर आली. जून २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून सुरू झाली. चांगलं झालं. पण पहिलीला शिकवणारी बाई स्वतः मराठीतून शिकलेली, चाळीस पोरं पुढ्यात, आणि पुन्हा तोच उपदेश : शक्यतो इंग्रजीतूनच. जे तिच्याकडे भरपूर आहे ते वापरायला लाज, आणि जे नाही त्याचं सोंग. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीच्या देवळाचा पाया घातला गेला. त्यामागची तळमळ मला समजते. पण इंग्रजी ही देवी नाही. देवी म्हटली की पुजारी आला, आणि पुजारी म्हटला की गाभाऱ्याचं दार आलं. इंग्रजी हे हत्यार आहे. हत्यार पुजून चालत नाही, चालवायला शिकावं लागतं.

दरम्यान जगात वारं फिरलं. वेल्समध्ये सी. जे. डॉडसनने १९६७ साली दोन भाषांची पद्धत मांडली. शिक्षकाने इंग्रजी वाक्य म्हणायचं, लगेच मुलांच्या भाषेत अर्थ सांगायचा, पुन्हा इंग्रजी वाक्य म्हणायचं, मग मुलांकडून घटवून घ्यायचं. १९९३ साली एल्सा ऑअरबाखने अमेरिकेत आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या वर्गांबद्दल लिहिलं. केवळ इंग्रजीच्या वर्गातून कमी शिकलेली माणसं गळून जातात, त्यांच्या भाषेतून सुरुवात केली की टिकतात. २००५ च्या आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातल्या अनेक भाषा ही अडचण नसून भांडवल आहे, असं म्हटलं. म्हणजे सुभेदारांनी साताऱ्यात आणि परळच्या चाळीत जे केलं, त्याकडे विद्यापीठं शंभर वर्षांनी वळली.

*

आता एक कडू गोष्ट. 'मातृभाषेतून' म्हणतो तेव्हा कोणाच्या मातृभाषेतून?

शाळेतली मराठी ही तरी आपल्या पोरांची मातृभाषा आहे का? पोरगं 'व्हतं', 'न्हाई', 'मपलं' म्हणतं. बाई म्हणतात, शुद्ध बोल. तांड्यावरचं पोरगं गोरमाटी बोलतं, मेळघाटातलं कोरकू, गडचिरोलीतलं गोंडी. त्याला 'डोअर' म्हणजे 'द्वार' असं सांगितलं तर एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेत सांगितल्यासारखं झालं. आमच्या अभ्यासिकेतली ती आई म्हणाली 'मुकं', तेव्हा नुसती इंग्रजीची पाटी जबाबदार नव्हती. आमच्यातला मराठीचा कैवारीही पोरांच्या बोलीला हसायचा.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. ब्राह्मणकुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाकडे गेले. म्हणाले, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात आले आहेत, ते आपापल्या बोलीत धम्म सांगून तो बिघडवतात. आपण तो छंदात, वेदाच्या भाषेत घालू. बुद्धाने त्यांना फटकारलं. धम्म स्वतःच्या बोलीत शिकावा म्हणून सांगितलं. बहुतेक अभ्यासक या गोष्टीचा अर्थ असाच लावतात. अडीच हजार वर्षांपूर्वी 'शुद्ध भाषे'चा आग्रह कोणी धरला आणि तो कोणी मोडला, हे विहारात बसून शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

*

आम्ही काय केलं ते सांगतो. पाटी पुसली. दंड बंद. त्या जागी तीन गोष्टी ठरवल्या.

एक. अर्थ पोरांच्या बोलीत, सराव इंग्रजीत. 'आय ॲम हंग्री' म्हणजे 'मला भूक लागली', एकदा सांगून टाकायचं. दहा मिनिटं पोटावर हात फिरवत नाटक करायचं नाही. वाचलेल्या वेळात प्रत्येक पोराने ते वाक्य पाच वेळा वेगवेगळं करून म्हणायचं.

दोन. दोन भाषा शेजारी मांडायच्या आणि फरक पोरांनाच शोधायला लावायचा. आपण म्हणतो 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला ताप आहे'. तिन्हींना इंग्रजीत एकच 'आय हॅव'. आपण 'घरात' म्हणतो, त्यांचा 'त' आधी येतो, 'इन द हाऊस'. पोरं हे कोड्यासारखं सोडवतात. एका संध्याकाळी 'यू' आला. फळ्यावर मी लिहिलं : तू, तुम्ही, आपण. पुढे एकच शब्द, 'यू'. सातवीतला एक पोरगा म्हणाला, "सर, पाटलाला पण 'यू' आणि माझ्या आज्याला पण 'यू'?" मी म्हणालो, हो. वर्ग गप्प झाला. त्याचा आजा आयुष्यभर 'अरे' ऐकत आला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा धडा कुठल्या पुस्तकात नाही. आणि मराठी शेजारी लिहिली नसती तर तो झालाही नसता. दुसऱ्या दिवशी संविधानाच्या उद्देशिकेतला 'वी' घेतला. मराठीत 'आम्ही' लिहिलंय, 'आपण' का नाही, यावर तासभर वाद. इंग्रजी तिथेच शिकून झाली.

तीन. मराठीची मुदत ठरवायची. इथे पहिल्या मित्राचं म्हणणं खरं होतं, ते मान्य केलं. सगळा धडा मराठीत सांगून गाईडमधली उत्तरं उतरवून घेणारा मास्तर हाही पोरांना फसवतोच. तसली पोरं दहावीत पास होतात आणि बँकेतला फॉर्म बघून घाबरतात. गावाकडे पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधतात. भोपळ्याशिवाय विहिरीत ढकललं तर पोरगं बुडतं, किंवा जन्मभर पाण्याला भितं. पण भोपळा कधी सोडलाच नाही तर ते पोहायला शिकत नाही. पहिले सहा महिने बोली भरपूर, मग हळूहळू कमी, आठवीला पोचल्यावर इंग्रजीत प्रश्न आणि इंग्रजीत उत्तर. अडलं तर विचारायला बोली कायम मोकळी.

पाटी लिहिणारा तो मित्र आजही आमच्यात आहे. आठवीला तोच शिकवतो, आणि त्याचा उच्चार आमच्यापेक्षा बरा आहे. ती सहावीतली मुलगी परत आली. पहिल्या दिवशी तिने काय विचारलं? "सर, 'दंड' ला इंग्रजीत काय म्हनत्यात?" मी 'फाईन' सांगितलं. म्हणाली, "पन फाईन म्हंजी छान ना?" सगळे हसले. तिला शब्द दोन्ही बाजूंनी कळला होता. मुकी असती तर हे विचारायला तोंड उघडलं नसतं.

ज्यांच्या वस्तीत विहार आहे, संध्याकाळी दिवा लागतो आणि चार पोरं येऊन बसतात, त्यांना एवढंच सांगणं आहे. इंग्रजी सोडू नका, ती आपली गरज आहे. ती शिकवायला साहेबाची वाट बघू नका, कॉन्व्हेंटची फी जमेपर्यंत थांबू नका. सुभेदारांकडे काय होतं? एक पाठमाला, एक खोली, एक दिवा आणि मुलाला कळेल अशी भाषा. यातलं आपल्याकडे काय नाही?

जयभीम.